कोपर-गुडघ्यांना खाज, खरजेच्या मलमाने फरक नाही. तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढण्याआधी गहू बंद करावा का?

निपाणी_४२
पुरुष, वय 42. दोन्ही कोपरं, गुडघे, कुल्ले इथे बारीक फोडांचे पुंजके. आधी आग, मग खाज. खाजवून फोड फुटतात, दिसतात त्या नुसत्या खपल्या. घरात दुसऱ्या कुणाला खाज नाही. परमेथ्रिन (खरजेचं मलम) दोनदा लावून झालं. डॉक्टरांना डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिसची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे उठणाऱ्या त्वचारोगाची) शंका आहे, तुकडा काढायला बेळगावला पाठवतायत. तोवर गहू बंद करू का? आणि यावर देतात ती डॅप्सोन ही कुष्ठरोगाची गोळी ना?

त्वचा_खानापूर
गहू आत्ता अजिबात सोडू नका. सोडलात तर रक्तातली टीटीजी-आयजीए (या आजारात वाढणारी अँटीबॉडी) हळूहळू उतरते आणि रिपोर्ट फसवा येतो. सोबत एकूण आयजीएही (त्या प्रकारच्या सगळ्या अँटीबॉडी मिळून) तपासा. ती मुळातच कमी असेल तर टीटीजी निगेटिव्ह आली तरी अर्थ नाही.

गोळी तीच. इथे ती जंतू मारायला नव्हे, कातडीत जमणाऱ्या पांढऱ्या पेशींना आवरायला देतात. खाज दोन-तीन दिवसांत बसते. पण आधी जी-6-पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) तपासा, ते कमी असेल तर रक्तपेशी भराभर फुटतात. पहिला महिनाभर दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. ओठ निळसर झाले, दम लागला, किंवा पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, कावीळ दिसली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

लॅबवाला
तुकडे दोन लागतात. एक ताज्या फोडाचा, फॉर्मॅलिनमध्ये. दुसरा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (कातडीत साचलेली आयजीए चमकवून दाखवणारी तपासणी); तो मिशेल्स मीडियम या वेगळ्या द्रावात, फॉर्मॅलिनमध्ये नाही. घोळ इथेच होतो: दोन्ही एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातात आणि दुसरा वाया जातो. काढण्याआधीच विचारून घ्या.

भाकरी_चिकोडी
निदान पक्कं झालं की गहू, रवा, मैदा, जव कायमचे बंद. ग्लुटेनने आतड्यालाही इजा होते, त्याला डॅप्सोन काही करत नाही, आणि नुसत्या पथ्यावर कातडी शांत व्हायला महिनेच काय, वर्ष-दोन वर्षंही लागतात. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, भात आहेच, त्यामुळे ताटाची अडचण नाही. अडचण गिरणीची! गव्हावर दळलेली ज्वारी म्हणजे पथ्य मोडलंच. घरघंटी वेगळी ठेवा. बांधणीच्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं. गोबी मंचुरीत मैदा तर असतोच, सोया सॉसमध्येही गहू येतो.

त्वचा_खानापूर
एक राहिलं. साखरेचा आजार असेल तर डॅप्सोनवर एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) खोटी कमी येते. त्या आकड्यावर मधुमेहाची गोळी कमी करू नका, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर बघा.