न्यूट्रिनो ताऱ्याच्या गाभ्यात अडकतात म्हणे! काय वाचू?

काजवा:
एमएस्सीच्या सेमिनारला सुपरनोव्हातले (मोठ्या ताऱ्याच्या शेवटच्या स्फोटातले) न्यूट्रिनो हा विषय घेतलाय. न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण पृथ्वीतून आरपार जातात हे शाळेपासून ऐकतोय, मग कोसळणाऱ्या गाभ्यात ते अडकतात कसे? गणित असलेलं, पण डोक्यावरून न जाणारं काही सुचवा. व्हिडिओ नकोत, पोटभर पाहून झालेत.

अण्णा_ठाणेकर:
वाचण्याआधी एक आकडेमोड करून बघा. १० एमईव्ही ऊर्जेच्या न्यूट्रिनोची तरंगलांबी १२४ फर्मी येते (फर्मी म्हणजे मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग). लोखंडाच्या अणुकेंद्राची त्रिज्या जेमतेम ४-५ फर्मी. म्हणजे न्यूट्रिनोला सुटे न्यूट्रॉन दिसतच नाहीत, अख्खं अणुकेंद्र एकदम दिसतं, आणि विकिरणाची (धडकून दिशा बदलण्याची) शक्यता न्यूट्रॉनांच्या संख्येच्या वर्गाने वाढते. लोखंड-५६ मध्ये ३० न्यूट्रॉन, म्हणून ३० पट नव्हे, ९०० पट! भौतिकशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीडमननी हे १९७४ मध्ये मांडलं. प्रयोगात दिसायला २०१७ उजाडलं. घनता घन सेंटिमीटरला १ लाख कोटी ग्रॅमच्या आसपास गेली की न्यूट्रिनो बाहेर पडण्याआधीच गाभा कोसळतो. झाली कैद. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथेंचा १९९० चा रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्समधला लेख घ्या, आजोबा फार सरळ लिहितात.

निशाचर:
+१. पण तिथेच थांबू नका, सर नेमकं पुढचं विचारतील. घनता घन सेंटिमीटरला २७० लाख कोटी ग्रॅमपर्यंत गेली की सुटी अणुकेंद्रं उरतच नाहीत. त्याच्या जरा आधी ती शेवयांसारखे लांबट आकार घेतात ('न्यूक्लिअर पास्ता' शोधा). पुढे न्यूट्रॉन-प्रोटॉन एकमेकांच्या बळाखाली वागतात, शिवाय पाउलीच्या नियमामुळे (एका अवस्थेत एकच कण) धडकेनंतर जायला रिकामी अवस्थाच मिळत नाही. एकेका कणाचा हिशोब करून बेरीज मारली तर उत्तर चुकणार. राफेल्टचं 'स्टार्स ॲज लॅबोरेटरीज फॉर फंडामेंटल फिजिक्स', प्रकरणं ४ आणि ११. बाकीचं सोडलंत तरी चालेल.

काजवा:
आणि स्फोट? तोही न्यूट्रिनोच घडवतात ना?

निशाचर:
बहुतेक ताऱ्यांत तसंच मानतात. गाभा कोसळून उसळल्यावर निघालेली धक्कालाट दीडेकशे किलोमीटरवर अडखळते. निसटणाऱ्या न्यूट्रिनोंपैकी थोडेसे तिच्यामागच्या वायूत शोषले गेले की ती पुन्हा उठते, हे बेथे-विल्सन यांचं १९८५ चं म्हणणं. यान्काचा २०१२ चा आढावा पुरेल.

चिंगी:
अहो, १९८७ए हा सुपरनोव्हा राहिलाच की! २३ फेब्रुवारी १९८७: न्यूट्रिनो टिपणाऱ्या कामिओकांदे (जपान) यंत्रात ११, आयएमबीत (अमेरिका) ८ नोंदी, साधारण १२ सेकंदांत. अडकले नसते तर सेकंदाच्या आत सगळं आटोपलं असतं. दोन्ही तक्ते त्या वर्षीच्या फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आहेत. आलेख स्वतः काढा आणि पहिल्याच स्लाइडवर टाका.