मदत हवी आहे: कराटेच्या हेइयान शोदान या कातामधलं २७० अंशांचं वळण

नमस्कार मंडळी. शोतोकान कराटे शिकणाऱ्या लहान मुलांना काता (ठरलेल्या क्रमाच्या हालचाली) घोटून घ्यायचं काम सध्या माझ्याकडे आहे. हेइयान शोदानचे ९० आणि १८० अंशांचे वळसे त्यांना जमतात. गाडी अडते ती तिसऱ्या आगे उकेनंतर (वरच्या बाजूचा बचाव). किआई (जोरदार आरोळी) होते, उजवा पाय पुढे असतो आणि त्याच पायावर डावीकडून २७० अंश फिरून गेदान बाराई (खालच्या बाजूचा बचाव) घ्यायचा असतो. निम्मी मुलं सरळ उजवीकडे ९० अंश वळून मोकळी होतात! दिशा तीच येते, त्यामुळे त्यांचं काय चुकलं हे पटवणंही कठीण.

जी पूर्ण फिरतात त्यांचा डावा पाय मागून आडवा पुरेसा लांब जात नाही. मग झेनकुत्सु दाचीत (पुढचा गुडघा वाकवून लांब उभं राहणं) दोन्ही पाय एकाच रेषेत येतात, कंबर अर्धवट वळते आणि तोल जातो. शेवटी सुरुवातीच्या खुणेवर परत यायचं असतं, तिथून पोरं चांगली पावलभर लांब.

जमिनीवर चिकटपट्टीने एम्बुसेन (काताच्या हालचालींची रेषा) आखून पाहिलं, पण मग सगळ्यांची मान खाली. ते मला अजिबात आवडलं नाही.

वळताना भार टाचेवर ठेवायला सांगता की चवड्यावर? आधी नजर वळवायची की पाय टाकायचा? आणि हे एकच वळण सुटं करून घेण्यासाठी एखादा सराव कोणी वापरत असेल तर कृपया सविस्तर लिहा. तायक्वांदोवाल्यांनीही सांगावं, पूमसेमध्ये (तुमच्या कातामध्ये) वळणं तुम्हालाही चुकलेली नाहीत.