'गोष्टच हवी तर कादंबरी वाचा' म्हणणाऱ्यांसाठी

पानगळ (धागाकर्ता)

परवा एका चर्चेत 'खडूस वाचक' यांनी लिहिलं, की व्हिडिओ गेममधली कथा म्हणजे दुय्यम सिनेमाची नक्कल. साठ तास बटणं बडवून जे हाती लागतं ते दोनशे पानांच्या कादंबरीत मिळतं, आणि चाळिशीतली माणसं यावर गहिवरतात याचं नवल वाटतं. तिथे दोन ओळी खरडल्या असत्या तर वाहून गेल्या असत्या, म्हणून हा वेगळा धागा. (पुढे 'रेड डेड रिडेम्प्शन २' आणि 'द लास्ट ऑफ अस' यांचा रसभंग आहे. खेळायचे असतील तर इथूनच परत फिरा.)

'रेड डेड २' आला २०१८ मध्ये. कथेचा काळ १८९९, दरोडेखोर टोळ्यांचे अखेरचे दिवस. आपण आर्थर मॉर्गन. टोळीत सावकारी बघणारा स्ट्रॉस आपल्याला वसुलीला धाडतो. कर्जदार थॉमस डाउन्स हा खंगलेला शेतकरी. त्याला धरायचं आणि बडवायचं. तो खोकतो, रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. बायको-मुलगा धावत बाहेर येतात. पैसे मिळतच नाहीत. मी निघालो, शिकार केली, मासे पकडले, टोळीच्या पेटीत पैसे टाकले आणि डाउन्सला साफ विसरलो. कित्येक तास खेळून झाल्यावर आर्थर सेंट डेनिसच्या रस्त्यावर कोसळतो, डॉक्टर क्षय सांगतो, आणि ती खोकल्याची उबळ आठवते. कादंबरीत वाचलं असतं तर आर्थरची कीव आली असती. इथे त्या माणसाची गचांडी मी धरली होती.

'द लास्ट ऑफ अस'चा (२०१३) शेवट घ्या. जिला जपत आपण इथवर आलो ती एली टेबलावर बेशुद्ध, समोर तिचा जीव घेणारी शस्त्रक्रिया करायला सर्जन हातात स्काल्पेल घेऊन उभा. त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. मी खोलीत नुसता उभा राहिलो, दुसरा काही मार्ग निघतो का बघत. निघाला नाही. सात वर्षांनी दुसरा भाग आला तेव्हा कळलं, की त्या सर्जनला मुलगी होती, ॲबी. मग जवळजवळ अर्धा गेम तिच्या बाजूने खेळावा लागतो. मला ती आवडली नाही, आजही आवडत नाही, पण तिचा राग माझ्यामुळे होता हे नाकारता येत नाही.

सारांश वाचून गेमच्या कथेला हिणवणं म्हणजे संहिता चाळून नाटकाच्या प्रयोगावर परीक्षण लिहिणं.

खडूस वाचक

माझ्या नावाने धागा निघालाय, तेव्हा उत्तर देणं आलं. तुम्ही सारखं 'मी केलं, मी केलं' म्हणता. न करण्याची मुभा होती का? डाउन्सला सोडून देऊन पुढे जाता येतं? नाही. सर्जनला? तुम्हीच लिहिलंय, मार्ग निघाला नाही. म्हणजे लेखकाने आधीच ठरवलं होतं, तुमच्याकडून फक्त अंगठा उसना घेतला. अपराधाचं ओझं तेवढं तुमच्या खात्यावर टाकलं. मला ही लबाडी वाटते.

दुसरं. आर्थर एका दुपारी वीस-तीस माणसं टिपतो आणि रात्री वहीत हळवं लिहितो, पक्ष्यांची चित्रं काढतो. एका डाउन्ससाठी पश्चात्ताप, बाकीच्यांची गणतीच नाही. असं पात्र कादंबरीत लिहिलंत तर संपादक हस्तलिखित साभार परत पाठवेल. मिशनमध्ये, म्हणजे गेमने दिलेल्या कामगिरीत, ठरलेल्या वाटेवरून जरा बाजूला गेलात की 'मिशन फेल', वर आम्हाला सांगायचं की खेळणाऱ्याला स्वातंत्र्य आहे.

पुणेरी पिक्सेल

वाटेवरून बाजूला गेलं की मिशन फेल, याला शंभर टक्के अनुमोदन. 'रेड डेड' बनवणाऱ्या रॉकस्टारने एवढं मोकळं जग उभारलं आणि मिशन मात्र रुळावरची गाडी.

पण पुन्हा सगळी चर्चा अमेरिकन गेमांवरच का? २०२० मध्ये पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने 'राजी' काढला. हरवलेल्या भावाला शोधणारी डोंबारी मुलगी, निवेदन विष्णू आणि दुर्गेचं. इथल्या किती जणांनी विकत घेतला? आपली गोष्ट हवी म्हणून गळा काढायचा आणि आपल्याच शहरातला गेम फुकटात कुठे मिळतो ते विचारायचं. मला हे दोन ओळखीच्यांनी तोंडावर विचारलंय.

सह्यभटक्या

'राजी' घेतला, खेळला. चित्रं अप्रतिम, शेवट मात्र अर्धवट सोडल्यासारखा. आपला म्हणून गुण वाढवून देणार नाही.

आणि 'अनचार्टेड'वाल्यांनी 'लॉस्ट लेगसी'त (२०१७) पश्चिम घाट म्हणून जे दाखवलंय त्यावर कुणी बोलणार आहे का? होयसळांची नगरी, गणपतीचा दात, सगळं रंजक आहे. पण हळेबीडला जाऊन आलेल्या माणसाला ते डोंगराएवढे पुतळे बघवत नाहीत. होयसळांचं काम बारीक कोरीव, हत्तींच्या रांगा बोटभर खोलीत. बघायला वाकावं लागतं. यांनी त्याचं भव्य करून टाकलं.

छातीठोक डॉक्टर

अवांतर आहे, पण राहवत नाही. मी छातीविकारांचा डॉक्टर. माझ्या मुलाने 'रेड डेड' खेळताना मला बसवून घेतलं होतं. तोंडावर रक्त उडालं आणि क्षय झाला, हा प्रकार बहुतेक वेळा असा होत नाही. क्षय हवेतून पसरतो, आणि लागण व्हायला सहसा एकाच खोलीत दीर्घकाळ सहवास लागतो. लागण झालेल्यांपैकीही जेमतेम पाच ते दहा टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. इथे एका उबळीत काम तमाम, काही महिन्यांत माणूस मरणपंथाला. ओपीडीत रोज माणसं येतात, 'बसमध्ये शेजारचा खोकला, मला टीबी होईल का?' जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास पाव भारतात आहेत. इथे अशी भीती पसरणं महागात पडतं.

पानगळ (धागाकर्ता)

डॉक्टरसाहेब, माहितीबद्दल आभार, पण कथेत वैद्यकीय अचूकता शोधायची तर अर्धं जागतिक साहित्य बाद होईल. शिवाय क्वचित का होईना, थोड्या सहवासातूनही लागण होऊ शकते ना? आर्थरच्या नशिबी ते आलं. आणि १८९९ चं वैद्यक चोख आहे. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने क्षयाचा जंतू १८८२ मध्ये शोधला होता, औषध यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. त्यामुळे गेममधला डॉक्टर विश्रांती घ्या, कोरड्या हवेत जा, एवढंच सांगू शकतो.

छातीठोक डॉक्टर

'क्वचित होऊ शकते' हे वाक्य तुम्ही इथे आरामात टाइप केलंत. मी तेच वाक्य रुग्णाच्या नातेवाइकांसमोर बोललो तर दुसऱ्या दिवशी घरात त्याची खाट पडवीत जाते. क्षय भांड्यांनी, कपड्यांनी, हात मिळवल्याने पसरत नाही, आणि योग्य औषधं सुरू झाली की बहुतेक रुग्णांपासून काही आठवड्यांतच धोका खूप उतरतो. तरी लोक वर्षानुवर्षं कप वेगळा ठेवतात.

शुभा क.

डॉक्टर, कपाचं बरोबर लिहिलंत. माझ्या भावाला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला टीबी झाला. सहा महिने गोळ्या घेऊन पूर्ण बरा झाला. पण आमच्या एका आत्याने त्याचा स्टीलचा पेला खिळ्याने ओरखडा काढून वेगळा केला. त्याचं लग्न ठरताना तीच आत्या म्हणाली, मुलीकडच्यांना सांगू नका. आजार बरा झाला, ओरखडा राहिला, तो पेला अजून आईकडे आहे.

म्हणून मला आक्षेप वेगळाच आहे. पानगळ, तुम्हाला जे भिडलं तेच मला खटकलं. आर्थरने वाईट केलं आणि त्याला क्षय झाला. आजार म्हणजे कर्माचं फळ. भावाला किती जणांनी आडून विचारलं, काय केलं होतंस, बाहेरचं खायचास का, कुठे जायचास. शंभर वर्षांपूर्वीची ही समजूत कोट्यवधी डॉलरच्या गेमने पुन्हा सुंदर करून दाखवली.

पानगळ (धागाकर्ता)

शुभाताई, भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण 'कर्माचं फळ' हे पटत नाही. आजार आधी डाउन्सला होता, आणि त्याने कुणाचं काय वाकडं केलं होतं? व्हॅलेंटाइन गावातल्या मारामारीत आर्थर एकाला ठार मारायच्या बेतात असताना मध्ये पडून थांबवणारा तोच. गेम कुठेही म्हणत नाही की आजार ही शिक्षा. म्हणतो एवढंच, की मरण समोर दिसलं आणि माणूस हिशोब करायला बसला.

शुभा क.

मग डाउन्सला स्वतःचं आयुष्य का नाही? दोन प्रसंग, एक मारामारी, एक मार खाणं, संपला. तो गेममध्ये आहे तो आर्थरला आजार देण्यापुरता. त्याची बायको ईडिथ पुढे भेटते ती ॲन्सबर्गला, पोट भरायला देहविक्रय करताना, मुलगा खाणीत. कशासाठी? आर्थरला चांगलं होता यावं म्हणून. एक आजारी माणूस आणि एक विधवा, दोघंही नायकाच्या उद्धाराची पायरी. हे मी खेळून लिहितेय, कुणाचं ऐकून नाही.

पानगळ (धागाकर्ता)

ईडिथ त्याला आधी हाकलून देते. आर्थर क्षमा मागत नाही, पैसे देतो आणि इथून निघून जा म्हणतो. याहून प्रामाणिक प्रसंग गेममध्ये मी पाहिलेला नाही. पायरी म्हणायची तर म्हणा. मला ती बाई आर्थरइतकीच लक्षात आहे.

सह्यभटक्या

गेमचा धागा होता. आता आरोग्यशिबिर झालंय.

छातीठोक डॉक्टर

तुम्हाला पुतळ्यांच्या उंचीवर लिहायला जागा मिळाली, आम्हाला आजारावर मिळू नये का?

पुणेरी पिक्सेल

एक मूळ प्रश्न. खडूस वाचक, तुम्ही 'रेड डेड २' खेळलात का? तुमच्या जुन्या प्रतिसादात 'यूट्यूबवर दीडपट वेगाने पाहिला' असं वाचल्याचं आठवतं. न खेळता एवढ्या ठामपणे बोलायची हिंमत येते कुठून? घोड्यावर बसून पावसात तासभर भटकल्याशिवाय या गेमवर बोलायचा अधिकारच नाही.

खडूस वाचक

हो, पाहिला. खेळलो नाही. कारण सांगायचं नव्हतं, पण अधिकारावर आलात म्हणून सांगतो. दुचाकीच्या अपघातात डाव्या हाताची तीन बोटं निकामी झाली. कंट्रोलर धरता येत नाही. कॉलेजात 'मॅक्स पेन' आणि 'माफिया' रात्र रात्र खेळलेला माणूस आहे मी. तेव्हा जे मी बघू शकतो त्यावरच बोलणार. 'हात लावल्याशिवाय कळत नाही' हे ज्यांचे हात धड आहेत त्यांनी म्हणणं सोपं आहे.

पुणेरी पिक्सेल

हे माहीत नव्हतं. 'अधिकारच नाही' हे वाक्य मागे घेतो. दीडपट वेगाने बघू नये, हे मात्र ठेवतो. आर्थर स्टेशनवर एका ननजवळ बसून भीती वाटते म्हणतो, तिथल्या थांबण्यालाच किंमत आहे.

पानगळ (धागाकर्ता)

खडूस वाचक, वाद बाजूला ठेवून सांगतो. 'लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात अशा अडचणींसाठी साठाहून जास्त सोयी दिल्यात. बटणांची जागा बदलता येते, नेम आपोआप धरता येतो. तरी दोन हात लागतील असं वाटलं तर 'डिस्को एलिसियम' (२०१९) घ्या. नुसत्या माउसवर चालतो, गोळीबाराची घाई नाही, घड्याळ डोक्यावर नाही. लिहिणारा रॉबर्ट कुर्वित्झ मुळात कादंबरीकार, मजकूर दहा लाख शब्दांहून अधिक. नायक दारूने स्मृती घालवून बसलेला पोलीस. त्याच्या डोक्यातली चोवीस कौशल्यं त्याच्याशी भांडतात, खोटं बोलतात, चुकीचे सल्ले देतात. सुरुवातीला पंख्यावर अडकलेला टाय काढायचा असतो. प्रकृती अगदी तोळामासा ठेवली असेल आणि फासा उलटा पडला, तर हृदयविकाराने तिथेच मरतो. आणि तुमचा 'न करण्याची मुभा' हा मुद्दा तिथे लागू पडत नाही. टाय तिथेच लटकत ठेवून खोलीबाहेर पडता येतं. मुख्य खुनाच्या तपासातही किती गोष्टी सोडून द्यायच्या ते आपण ठरवतो.

शुभा क.

'डिस्को'ला माझंही मत. त्यात व्यसन हा आजार आहे, आणि गेम त्या माणसाची चेष्टा करतो, कीव करतो, पण शिक्षा देत नाही. पानगळ, तुमच्या आर्थरपेक्षा हा पोलीस मला जास्त खरा वाटला.

खडूस वाचक

माउसवर चालतो हे खरं असेल तर सेलमध्ये घेईन. चार-पाच हजार मोजून कुठलाच गेम घेणार नाही. कादंबरीकाराने लिहिलाय, म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध होतो, हे नोंदवून ठेवतो. पण दुपारी तीस खून आणि रात्री हळवी वही, यावर तुम्ही अजून एक शब्द लिहिलेला नाही.

पानगळ (धागाकर्ता)

नाही लिहिला, कारण त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ती भेग गेममध्ये आहे. शेकडो माणसं मारायला लावल्याशिवाय एवढा मोठा गेम खपणार नाही अशी त्यांची खात्री असावी, आणि आर्थर लिहिणाऱ्यांना त्यातून वाट काढावी लागली. पण उसना अंगठा मला मान्य नाही. डाउन्सला मारणं टाळता येत नव्हतं, तरी कुणी सक्ती केली नसतानाही पुढच्या वसुलीला मी गेलो. आणि आर्थर कसा मरतो ते वाटेत आपण काय वागलो त्यावर ठरतं. नीट वागलात तर उगवता सूर्य बघत जातो, नाहीतर टोळीतलाच गद्दार मायका त्याला ठार करतो.

खडूस वाचक

दोन शेवट म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, दोन दारं. पण 'पुढच्या वसुलीला मी गेलो' हे मान्य. हे यूट्यूबवर दिसलं नव्हतं. तिथे जाणारा माणूस दुसराच होता.