वंध्यत्वावर आपल्याकडे सरकारी पातळीवर संशोधन होतं का?

मुग्धा_के
आमचं आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट) चालू आहे. दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल, फाईलवर 'अनएक्सप्लेन्ड', म्हणजे कारण माहीत नाही, असं लिहून मोकळे. आमच्यासारख्यांना पुढे मूल होण्याचे चान्सेस किती म्हणून विचारलं तर डॉक्टरांनी रिसेप्शनमागचा सक्सेस रेटचा बोर्ड दाखवला. तो आकडा कुणी तपासलाय का, देशभरातून असा डेटा कुणी गोळा करतं का? माहिती असेल तरच लिहा, धीर द्यायला घरचे आहेत.

पेट्रीडिश
होतं की. मुंबईत परळला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. 1986 साली मुंबईच्याच केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली त्यात या संस्थेचा वाटा होता, तेव्हा नाव वेगळं होतं. त्याआधी 1978 मध्येच कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी हे केलेलं पण सरकारी समितीने त्यांना खोटं पाडलं, 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली, आणि बऱ्याच वर्षांनी परळच्याच डॉ. आनंद कुमारांनी त्यांच्या नोंदी वाचून भारतातल्या पहिलेपणाचा मान मुखर्जींना दिला. नोंदी राहिल्या म्हणून हे तरी झालं!

आता तो बोर्ड. टक्के कशाचे ते विचारा. समजा 100 जणींनी इंजेक्शनं, म्हणजे उपचाराची सायकल, सुरू केली, त्यातल्या काहींची स्त्रीबीजंच मिळाली नाहीत, काहींचा गर्भ तयार झाला नाही, ट्रान्सफरपर्यंत (गर्भ गर्भाशयात सोडण्यापर्यंत) 70 पोचल्या आणि 28 जणींची टेस्ट पॉझिटिव्ह आली. बोर्डावर 40 टक्के लागतात. त्यातले गर्भपात वजा केले आणि भागाकार 100 ने केला तर आकडा कुठल्या कुठे जातो.

नियमबुवा
2021 चा एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायदा आहे ना. क्लिनिकने कुठली ट्रीटमेंट दिली आणि निकाल काय लागला हे राष्ट्रीय रजिस्ट्रीत जायला हवं, आणि तो डेटा धोरण ठरवायला नि संशोधनाला वापरायचा असं कायद्यातच लिहिलंय. ब्रिटनमध्ये 1991 पासून अशी नोंद आहे आणि तिथे क्लिनिकवार आकडे कुणालाही बघता येतात. आपल्याकडेही तसेच खुले करा, निम्मे बोर्ड आपोआप उतरतील.

अश्विनी७
सगळं आयव्हीएफवरच नेऊ नका हो. आपल्याकडे गर्भाशयाचा, नळ्यांचा टीबी हे नळ्या बंद होण्याचं मोठं कारण आहे, बरेचदा त्रास काहीच होत नाही, मूल राहत नाही म्हणून तपासलं की कळतं. तो लवकर कसा पकडायचा यावर पैसा आपणच लावायला हवा, ज्या देशांत टीबी फारसा उरलाच नाही ते कशाला लावतील? आणि पुरुषांचं बघा, जवळपास निम्म्या केसेसमध्ये त्यांच्याकडूनही काहीतरी असतं, पण सीमेन ॲनालिसिस (वीर्याची तपासणी) झालं की त्यांची तपासणी संपली, बायकोच्या मात्र सोनोग्राफ्या नि हार्मोन्स चालूच.

मुग्धा_के
@पेट्रीडिश म्हणजे पुढच्या व्हिजिटला 'सुरू केलेल्या सायकलमागे जिवंत बाळं किती' असंच विचारू ना? आणि माझ्या वयोगटाचा आकडा वेगळा मागितला तर देतात का?

पेट्रीडिश
अगदी हेच विचारा, आणि लेखी मागा. चांगली लॅब असेल तर वयाप्रमाणे आकडे तयारच असतात. टाळाटाळ केली तर काय ते समजून घ्या.