पक्षीनिरीक्षणाचं वेड आणि घर: तुम्ही कसं जमवता?

शिंजीर
काल सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "कवडीला चक्रवाक आलेत, रविवारी कोण येणार?" आणि लेक तान्हा होता ते वर्ष डोळ्यांपुढे आलं.

लग्नाआधी हिवाळ्यातला रविवार म्हणजे पहाटेच पुण्याहून सोलापूर रस्त्याने कवडीपाट. बंधाऱ्यावर धुकं, नदीला वास, आणि त्यातच थापटे, शेकाटे, चक्रवाक या पाणपक्ष्यांची गर्दी. बाळ झाल्यावर ते सगळं बंद. सासूबाई मायाळू, पण "पाखरं बघायला पहाटे पाचला?" हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

मग पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या अंजिरावर शिंपी पक्ष्याने घरटं केलं. पानाच्या कडेला चोचीने भोक पाडायचं, त्यातून कापसाचा, कोळिष्टकाचा धागा ओढायचा, की पुढचं भोक. सासूबाईंनी आयुष्यभर गोधड्या शिवल्यात. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "टाका बारीक आहे गं हिचा." माळी फांद्या छाटायला आला तर त्यालाही त्यांनीच परत पाठवलं. त्याच हिवाळ्यात आपणहून म्हणाल्या, "जा तू, बाळाला मी बघते."

हे वेड घरच्यांच्या गळी उतरवावं लागत नाही, एकदा नीट दाखवावं लागतं, असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे काय झालं? लिहा.

माळावरचा
आमच्याकडे उलटं. पक्षीवाली बायको, मी ड्रायव्हर. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर ती धाविक पक्षी शोधत असते आणि मी मागच्या सीटवर लेकीचे पाढे घेतो. सतराचा पाढा तिथेच पाठ झाला. आता लेकच मला दटावते, "बाबा, दार हळू लावा."

टिटवी
डबे भरतेय, येते.

पाऊलवाट
शिंजीर, गोड लिहिलंयस, पण सगळीकडे असं होत नाही गं. मी दाखवलं, फोटो दाखवले, पुस्तकं आणली. घरचं उत्तर एकच, "एकटी बाई कर्नाळ्याच्या रानात कशाला?" तिबोटी खंड्या पावसाळ्यात घरटं करतो, त्याच दिवसांत गेलं तर दिसणार. शेवटी आम्ही चार-पाच जणी मिळून जायला लागलो, परवानगी न विचारता, फक्त सांगून. ओढ्याजवळ फांदीवर बसलेला पहिल्यांदा दिसला तेव्हा मैत्रीण आणि मी दोघी रडलो. मुठीत मावेल एवढा जीव, त्यात जांभळा, निळा, नारिंगी सगळं.

शिंजीर
पाऊलवाट, "फक्त सांगून" हे फार आवडलं. बरोबर आहे तुझं.

टिटवी
हं, झाले डबे. आम्ही ऐरोलीचे. रोहित (फ्लेमिंगो) बघायला खाडीत बोटीने जायचं तर सगळं भरती-ओहोटीवर. भरती काही नवऱ्याच्या सुट्टीला थांबत नाही. म्हणून फ्रिजवर दोन कागद लावलेत शेजारी शेजारी, एक भरतीच्या वेळांचा, एक त्याच्या शिफ्टचा. दोन्ही जुळले की धाकट्याला काढून निघायचं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला तेव्हा आमच्या घरी श्रीखंड झालं होतं, खरंच!

नवशिकी
मध्येच विचारते, रागावू नका. लेकीसाठी दुर्बीण घ्यायचीय, नऊ वर्षांची आहे. १०x५० घेऊ का? दुकानदार म्हणतो मोठी चांगली.

माळावरचा
नको नको. दहापट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही दहापट दिसतो, शिवाय मानेला ओझं. मोठ्यांना ८x४२, मुलांना ८x३२ बरी. हे बायकोला विचारून लिहितोय.

ओसरी
माझं बाहेर जाणं सध्या शक्यच नाही. आई अंथरुणावर आहे. तिचा पलंग खिडकीशी सरकवला. दिसतं कमी, पण कान तिखट. तांबटाची टुकटुक सुरू झाली की मला हाक मारते. पावशा ओरडला की उत्तर देते, "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा." फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो ना, त्यात कुठूनही पंधरा मिनिटं मोजून नोंद देता येते. यंदा आमची यादी आईने आवाजावरून केली, मी नुसती फोनवर भरली. होला, दयाळ, तांबट, बुलबुल, भारद्वाज.

पाऊलवाट
ओसरी, आईंना नमस्कार सांग. तूही जेवत-झोपत जा वेळेवर.

टिटवी
+१. कधी तासभर कुणी बसायला हवं असेल तर निरोप टाक. ठाण्याच्या आसपास असशील तर मी येते.

नवशिकी
८x३२ नक्की केली, आभार. अजून एक, नवरंग पक्षी कधी येतो?

शिंजीर
मेअखेर ते जून, पावसाच्या पुढे-मागे. नेमकं वह्यांना कव्हरं घालायच्या दिवसांत. पहाटे दोन सुरांची शीळ ऐकू आली की कव्हरं राहू दे, बाहेर ये.

नवशिकी
😀 नक्की. माळावरचा, तुम्ही नान्नजला डब्यात काय नेता? आम्ही सोलापूरला येतोय दिवाळीत.

माळावरचा
कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. वेफर्सची पाकिटं नकोत, माळावर त्यांची चुरचुर लांबवर जाते. पाणी भरपूर घ्या, सावली नाही तिथे. आणि या, चटणी आमच्याकडून.