झायलनेजसाठी ई. कोलाय सोडून बुरशीकडे वळावे का?

प्रश्न (विद्यार्थिनी, ताळगाव): चोडणच्या खारफुटीतील कुजक्या पानांवर सापडलेल्या एका बुरशीचे झायलनेज (वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील झायलन तोडणारे विकर) बनवणारे जनुक मी ई. कोलाय या जीवाणूमध्ये घातले, परंतु प्रथिन पेशीतच अविद्राव्य गोळे होऊन साचते आणि क्रिया जवळजवळ दिसत नाही. तंतुमय बुरशी यजमान (जनुक घालून प्रथिन बनवून घेण्यासाठीचा सजीव) म्हणून घ्यावी का, आणि कोणती?

उत्तर (फोंडा): अवश्य घ्यावी. बुरशीच्या स्रावी (पेशीबाहेर सोडल्या जाणाऱ्या) प्रथिनांवरील शर्करासाखळ्या ई. कोलाय जोडत नाही, तर ॲस्परजिलस नायगर व ट्रायकोडर्मा रीसी या तंतुमय बुरशी प्रथिन घडवून थेट माध्यमात सोडतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर कुजणाऱ्या लष्करी कापडावर सापडलेली ट्रायकोडर्मा आज सेल्युलेजसाठी (सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांसाठी) प्रसिद्ध आहे; मात्र सेल्युलोज किंवा लॅक्टोजवर तिचा प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) चालू केला, की तिची स्वतःची झायलनेजेही माध्यमात उतरतात आणि मोजमाप फसते. म्हणून मी ॲस्परजिलस नायगर आणि माल्टोजवर चालणारा, ग्लुकोअमायलेज या स्टार्च तोडणाऱ्या विकराचा प्रवर्तक सुचवेन.

उत्तर (मडगाव): वरील सल्ला योग्य आहे, पण ॲस्परजिलस नायगर माध्यम आम्लधर्मी करते आणि तिचे आम्ल प्रोटिएज (आम्लात चालणारे, प्रथिने तोडणारे विकर) आपलेच उत्पादन खाऊन टाकते; त्यामुळे त्या प्रोटिएजचे जनुक काढलेला वाण मिळवा. रूपांतरित (नवे जनुक घातलेल्या) वसाहतींत मिश्र केंद्रके असतात, म्हणजे काहींत नवे जनुक असते, काहींत नसते; तेव्हा एकबीजाणू शुद्धीकरण (एकाच बीजाणूपासून नवी वसाहत वाढवणे) दोन-तीन वेळा करा. आपल्याकडे पावसाळ्यात चपलांवरही बुरशी धरते, म्हणून बीजाणूंचे काम बंद कपाटातच करावे.

विद्यार्थिनी: आभारी आहे. जनुकातील इंट्रॉन (प्रथिन बनण्याआधी कापून टाकले जाणारे तुकडे) तसेच ठेवले तर चालतील का?

उत्तर (फोंडा): बहुधा चालतील, तरी सी-डीएनए (आरएनएवरून बनवलेली, इंट्रॉन नसलेली जनुकाची प्रत) वापरणे अधिक सुरक्षित.