मदत हवी आहे: 'स्निफिन ग्लू'चा मूळ अंक कसा ओळखायचा?

मामा १९७७ साली लंडनमध्ये होता. त्याच्या ट्रंकेत 'स्निफिन ग्लू'चा पहिला अंक सापडलाय. मार्क पेरीने जुलै १९७६मध्ये सुरू केलेलं हे पंक रॉक संगीताचं झेरॉक्स मासिक. टाइप केलेला मजकूर, स्केचपेनने लिहिलेली शीर्षकं, कोपऱ्यात गंजलेली पिन. हातात घेतलं की अंगावर काटा येतो! पण सुरुवातीला जेमतेम ५० प्रती निघाल्या होत्या, नंतर पुनर्मुद्रणंही झाली, म्हणून शंका येते. मजकूर नेटवरच्या स्कॅनशी जुळतो. भिंगातून शाई कागदावर बसल्यासारखी दिसते, मुरलेली नाही. विकायचा नाहीये, आणि पिन काढायची नाही. मामा आता नाही, त्यामुळे त्याला विचारता येत नाही. अंक न उसवता, कागद किंवा छपाईवरून मूळ प्रत ओळखायची नेमकी खूण कोणती?